गाडी माझी, उत्तर काकांना

परवा सर्व्हिस सेंटरच्या टायवाल्या मुलाने माझ्या गाडीत काय बिघाड आहे ते माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांना समजावून सांगितलं. अगदी व्यवस्थित, टॅबवर बोट फिरवत, अधूनमधून "बरोबर ना सर?" विचारत. गृहस्थ मान डोलवत होते. मी मधे म्हणलं, "अहो, गाडी माझी आहे." तर तो म्हणाला, "हो मॅडम, सरांना तेच सांगतोय."

सर म्हणजे कोण, तर सुनेची छोटी गाडी पहिल्या फ्री सर्व्हिसला घेऊन आलेले काका. कॉफीचं मशीन कुठेय ते विचारायला काउंटरपाशी आले होते. बाईच्या दीड हात अंतरात पुरुष उभा दिसला की तो सर, एवढं सोपं आहे ते. मी एकटी गेले की "सर नाही आले?", नवऱ्याला बरोबर नेलं की मी अदृश्य. आणि नवऱ्याला गाडीतलं इतकंच कळतं की पेट्रोलची आहे की डिझेलची, तेही झाकणावर लिहिलेलं असतं म्हणून.

गाडीचं नाव सांगणार नाही. सांगितलं की लगेच कोणीतरी म्हणतं, "आमच्या मेव्हण्याकडे तीच आहे की, लाखभर किलोमीटर झाले, स्क्रूसुद्धा ढिला झाला नाही," आणि त्या मेव्हण्याचा मला न भेटताच राग यायला लागलाय. एसयूव्ही आहे, डिझेल आहे, पांढरी आहे, एवढं पुरे. सरकारच्या हिशोबात एसयूव्ही म्हणजे लांबी ४ मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा जास्त. या तिन्हीत बसलात की तेव्हा २८ टक्के जीएसटी आणि वरून २२ टक्के सेस लागायचा, म्हणजे गाडीच्या किमतीवर आणखी अर्धी किंमत. मी ती मुकाट भरली. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून हा सगळा कर सरसकट ४० टक्क्यांवर आला, तोपर्यंत माझी गाडी दारात उभी राहून गळायलासुद्धा लागली होती.

गळायला म्हणजे खरंच गळायला. पहिल्या पावसात कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला उभी होते आणि थेंब बरोबर भांगात पडला. वर बघितलं तर दुसरा डोळ्यात. सनरूफ बंद, काच बंद, सगळं बंद. नंतर कळलं की सनरूफच्या कोपऱ्यांत पाणी बाहेर काढायला बारीक नळ्या असतात, त्या काचेशेजारच्या खांबांच्या आतून खाली उतरतात, त्यात पालापाचोळा, माती अडकली की पाणी बाहेर जायच्या ऐवजी छताच्या कापडात आणि तिथून पायाखालच्या कार्पेटमध्ये. हे मी माझं शोधलं हां. सेंटरने सांगितलं ते एवढंच, "मॅडम, झाडाखाली लावू नका." बरं, नाही लावत. उन्हात लावली तर मधली मोठी स्क्रीन तापते आणि काळी पडते. त्यावर त्याच मुलाचं, त्याच टायमधून आलेलं उत्तर, "मॅडम, शक्यतो सावलीत लावत जा."

म्हणजे झाड नसलेली सावली शोधायची. पुण्यात. आणि तीसुद्धा फुकट पार्किंगची.

बाकीची दुखणी पटकन सांगते. रिव्हर्स कॅमेरा चालतो, फक्त रिव्हर्स घेताना चालत नाही. डिकी मनाला येईल तेव्हा उघडते, एकदा मंडईच्या बाहेर उघडली आणि मागच्या रिक्षावाल्याने मला कांद्यांसकट थांबवलं. ड्रायव्हरची काच खाली जाते ती वर येताना अर्ध्यात विचार बदलते. आणि डावीकडच्या रिकाम्या सीटवर कोणीतरी बसलंय अशी गाडीची ठाम समजूत आहे, त्यामुळे बेल्ट लावा म्हणून ती जी ठणाणा सुरू करते ती थांबतच नाही. शेवटी मी त्या रिकाम्या सीटला बेल्ट लावून टाकला. आता सोसायटीतल्या लोकांना वाटतं की मी कोणाला तरी रोज ऑफिसला सोडते आणि तो कोण हे मी सांगत नाही.

आणि यातलं काहीही, काहीही, सर्व्हिस सेंटरच्या आत होत नाही. गेटवरच्या सिक्युरिटीने नंबर लिहून घेतला की गाडी निरोगी. कॅमेरा लख्ख, काच सर्रकन वर, सीट शहाणी. मग तो मुलगा माझ्याकडे जे बघतो ना, त्या नजरेचं बिल लावलं तर मला रोडटॅक्स परत मिळेल.

तर परवा. आत गेले, टोकन घेतलं, जॉबकार्ड उघडलं. काका कॉफीची चौकशी करत उभे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. मुलाने विचारलं, "सर, मोबाईल नंबर?" काकांनी सांगितला. मला वाटलं त्यांच्या गाडीचं चाललंय, मी आपली लाउंजमधल्या त्या फोटोकडे बघत होते, ज्यात माझीच गाडी बर्फातून चाललीय आणि आतलं कुटुंब हसतंय. बहुतेक डिकी बंद असेल त्यांची.

मग ते निरूपण सुरू झालं.

"सर, मेन इश्यू काय आहे, डीपीएफ चोक होतोय. कारण गाडी सिटीत चालते. मॅडम हळू चालवतात."

"कशावरून?" मी विचारलं.

"डेटा असतो सर," तो काकांना म्हणाला.

काकांनी माझ्याकडे वळून गंभीरपणे विचारलं, "ताई, हळू चालवता व्हय?"

"संध्याकाळी सातला पौड रोडवर चालवते."

"मग हळूच की," काका त्याला म्हणाले. "तितं पीएमटी बी हळूच जाती. ड्रायव्हरला काय शौक न्हाई."

डीपीएफचं प्रकरण जरा सांगायलाच हवं, कारण माझे कित्येक रविवार त्याने खाल्लेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ म्हणजे धुराचे नवे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात ही गाळणी आली. ती काजळी अडवते, छान करते, हवा स्वच्छ राहते, माझा त्याला पाठिंबा आहे. पण साठलेली काजळी मधूनमधून जाळावी लागते, त्यासाठी आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते टिकायला गाडी एका दमात, बऱ्या वेगाने, वीसेक मिनिटं तरी पळाली पाहिजे. मधेच बंद केलीत तर जळणं अर्धवट, आणि जाळायला म्हणून जास्तीचं सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढते. वाढते! आयुष्यभर आपल्याला शिकवलं की ऑइल कमी झालं तर काळजी करा.

आता कोथरूडमध्ये राहून, ऑफिस डेक्कनला, एका दमात वीस मिनिटं कुठे पळवू? म्हणून रविवारी सकाळी मी सातारा रस्त्याला जाते. काम काही नाही, कोणाकडे जायचं नाही, नुसती काजळी जाळायची. एकदा खालच्या आजींनी विचारलं, "कुठे गं एवढ्या सकाळी?" मी म्हणलं, "काजळी जाळायला." त्यांनी एकदम आवाज खाली आणून विचारलं, "गुरुजी मिळाले का?" आणि इतकं करून नवले पुलाजवळ ट्रॅफिक जॅम. उभी. दिवा पेटलेला. काजळी जळतेय की वाढतेय, देवाला ठाऊक आणि त्या डेटाला.

गाडी विकताना मात्र हे कोणी सांगत नाही. तेव्हा विचारतात ॲम्बियंट लाइटिंगचा कलर कुठला आवडेल.

असो. काउंटरवर या. दुसरा मुद्दा निघाला ॲडब्लूचा, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं ते पाणी. गाडीत ते भरलेलं असूनसुद्धा स्क्रीनवर सूचना येते की इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही, आणि तो आकडा रोज कमी होत जातो. भरलेली टाकी, आणि तरी उलटी मोजणी. मी म्हणलं सेन्सर गेलाय. मुलगा म्हणाला, "सर, बऱ्याचदा युरियाची क्वालिटी इश्यू असते."

काकांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"काय म्हनला?"

"युरिया, सर."

"कुनाला?"

"गाडीला. म्हणजे एक्झॉस्टला. साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकीचं प्युअर वॉटर. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड्स..."

"थांबा," काका म्हणाले, आणि आजूबाजूला बघितलं, जणू साक्षीदार हवे होते. "आमच्याकडं खटावला पेरनी तोंडावर हाय. पोरगा रोज दुकानात जाऊन उभा ऱ्हातोय. दुकानदार म्हनतो युरिया संपला, आन पायजे तर लिंकिंग घ्या. एक पोतं युरिया दीन, पन त्याच्यासंगं ही बाटली घ्या, ती पुडी घ्या. आन हितं मोटारी पित्यात?"

"सर, हा वेगळा ग्रेड असतो."

"पंचेचाळीस किलोचं पोतं दोनशे सासष्ट रुपये पन्नास पैसे. ही तुमची बादली केवढ्याला?"

मुलाने सांगितलं. काकांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग मला म्हणाले, "ताई, मी पोतं देतो आनून. मिळालं की. पान्यात कालवा, बत्तीस टक्के तर बत्तीस टक्के. तुमचं बी भागंल, ह्यांची बादली बी वाचंल."

मुलगा पहिल्यांदाच खरा घाबरला. "नाही नाही सर! इंजेक्टर ब्लॉक होईल, वॉरंटी व्हॉइड होईल!"

इथे मला राहवलं नाही. म्हणलं, काका, नाही चालणार, खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचं कोटिंग असतं, २०१५ पासून सगळ्याच युरियाला सक्तीने केलंय, सबसिडीचा माल शेतातनं कारखान्यांकडे वळू नये म्हणून. काकांनी हे नीट ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि मुलाला म्हणाले, "म्हंजे गाडीला कडू लागंल."

लाउंजमधले चारपाच लोक हसले. मुलगा हसला नाही, त्याने टॅबवर काहीतरी टाईप केलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण हसताना आतून चरफडत होते, कारण तोपर्यंत माझ्या गाडीवरची चर्चा पूर्णपणे त्या दोघांची झाली होती आणि मी तिथे माहितीपुरती उरले होते. काका गोड होते हो. प्रश्न काकांचा नव्हताच.

तिसरा मुद्दा आवाजाचा. डॅशबोर्डच्या डावीकडून येतो. "कसला आवाज सर?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "त्यान्ला इचारा की." तेवढ्यापुरती मी मालक झाले.

"मॅडम, आवाज काढून दाखवा."

आता मी बँकेत अधिकारी आहे. रोज लोक माझ्यासमोर बसून कर्ज मागतात. भर लाउंजमध्ये, पन्नाशीच्या आसपासच्या बाईने, तोंडाने गाडीचा आवाज काढायचा. काढला. काय करता! "खुळखुळ, खुळखुळ, मग थोडं थांबून टक."

"कंटिन्युअस की ब्रेक मारल्यावर?"

"खड्ड्यातून गेलं की खुळखुळ. वळताना टक."

"आमच्या गाडीत कुरकुर येते," मागच्या सोफ्यावरून एक जण म्हणाले. "सीटच्या खालून."

"ती वेगळी. कुरकुर म्हणजे रबर," दुसरे म्हणाले, "माझी करकर होती, त्यांनी रबर बदललं, आता चुईं येतो."

"खडखड असंल तर घाबरू नगा," काका म्हणाले. "खडखड परवडली. टक वाईट. टक म्हंजे कायतरी सुटायच्या तयारीत हाय." आणि मग त्यांनी ते सांगितलं, इतक्या सहज की मला खुर्ची शोधावीशी वाटली. काका एसटीत होते. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, मेकॅनिक, रिटायर होईपर्यंत. एशियाडपासूनच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. "आमच्यात," काका म्हणाले, "गाडीचा आवाज यायचा बंद झाला की डायवर खाली उतरून बगायचा, काय पडलं म्हनून."

टायवाल्या मुलाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याने टॅबवर "नॉइज" एवढंच निवडलं. खुळखुळ आणि टक दोन्ही त्यात मावले म्हणे.

मग टेस्ट ड्राइव्ह. चालवायला एक पोरगा आला, ग्रीस लागलेला युनिफॉर्म, आयटीआय झालेला असावा, टाय नाही, त्यामुळे मला लगेच बरा वाटला. पुढे तो. त्याच्या शेजारी काका, कारण मुलाने दार त्यांच्यासाठी उघडलं. आणि मालकीण मागे. बसताना काकांनी त्या रिकाम्या सीटचा लावलेला बेल्ट बघितला, सोडवला, मला विचारलं नाही. माणूस अनुभवी.

बायपासच्या सर्व्हिस रोडला निघालो. आवाज नाही. खड्ड्यातून नेली, तसे खड्डे शोधावे लागले नाहीत, तरी आवाज नाही. स्पीडब्रेकरवरून आपटली. शांतता. मी मागून म्हणत होते, "आता बघा हं, आता येईल," आणि गाडी ऐकतच नव्हती. काकांनी डोळे मिटले होते, कान डॅशबोर्डला लावलेला, हात वर करून "गप" अशी खूण. पोरगा गप. मी गप. मग काका सरळ बसले, मूठ आवळली आणि डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर दाणकन मारली.

खुळखुळ. टक. आणि स्क्रीन काळी.

मी आनंदाने ओरडले. म्हणजे विचार करा, आपली गाडी बिघडली म्हणून मी टाळ्या वाजवल्या. डिकीपण उघडली असती तर मी पेढे वाटले असते.

"अर्थिंग," काका म्हणाले. "कुटंतरी अर्थ सुटलाय. कारपेट वलं हाय बगा पायाखाली. पानी आत शिरलंय, वायरच्या सॉकेटला गंज धरला असंल. कॅमेरा, काच, सीट, समदं एकाच दुखन्यातनं हाय. तुमी हितं डोकं दुकतंय म्हनून डोक्याला बाम, पाय दुकतोय म्हनून पायाला बाम लावताय."

ग्रीसवाला पोरगा हळूच म्हणाला, "काका बरोबर बोलतायत. मलापण तेच वाटतंय."

"मग उघडा की," मी म्हणलं.

"मॅडम, कोड आला पाहिजे. स्कॅनर लावल्यावर फॉल्ट कोड आला तरच वॉरंटीत क्लेम बसतो. कोडशिवाय सगळं डॅशबोर्ड उघडलं तर लेबर कोणाच्या नावावर टाकायचं? मला तसं लिहिता येत नाही."

एवढं खरं उत्तर मला त्या इमारतीत त्याआधी कोणी दिलं नव्हतं. आणि ते दिलं गाडी चालवणाऱ्याने, काउंटरवर नव्हे. परत आलो, स्कॅनर लावला, कोड आला का? नाही आला. स्क्रीन तोपर्यंत आपोआप सुरू होऊन "वेलकम" म्हणत होती. काकांनी परत मूठ आवळली, पण तिथे बोर्ड होता, पिवळ्या पट्टीच्या पुढे ग्राहकांना प्रवेश नाही, आणि सिक्युरिटी त्यांना दंडाला धरून लाउंजमध्ये घेऊन आला. दापोडीत आयुष्य घालवलेला माणूस काचेच्या पलीकडून बघत बसला, लॅपटॉप कसा लावतात ते.

संध्याकाळी जॉबकार्ड हातात आलं. तक्रार: नॉइज. निरीक्षण: ओके. पुढे कृती या रकान्यात, मी दोनदा वाचलं, "कस्टमर एज्युकेटेड".

मला शिकवलं म्हणे. काय शिकवलं? झाडाखाली लावू नका, उन्हात लावू नका, हळू चालवू नका. अहो, बँकेत माझं आयुष्य गेलंय, तक्रार सोडवल्याशिवाय बंद कशी करतात ते मला नका शिकवू, आम्ही त्यात ट्रेनिंग देतो. फरक एवढाच की आम्ही निदान ज्याचं खातं आहे त्याच्याशीच बोलतो.

खरं सांगू, इथे माझी गंमत संपते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ साली कायदा केला की नवी गाडी त्याच दुखण्यासाठी परत परत दुरुस्तीला जात असेल तर कंपनीने बदलून द्यावी नाहीतर पैसे द्यावेत, आणि मग बाकीच्या राज्यांनीही केले. आपल्याकडे असा गाड्यांपुरता वेगळा कायदा नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, ५० लाखांपर्यंतच्या किमतीसाठी जिल्हा आयोगात जाता येतं, घरबसल्या ऑनलाइन तक्रार भरता येते, वकील लागलाच पाहिजे असं नाही. ऐकायला फार छान. पण तिथे कंपनीचा वकील पहिलं वाक्य म्हणतो ते हे की उत्पादनातलाच दोष आहे हे तज्ज्ञाकडून सिद्ध करा. आणि सिद्ध काय करू, जॉबकार्डवर "ओके" लिहिलंय! प्रत्येक वेळी ओके. माझ्याच हातात माझ्याविरुद्धचा पुरावा, सहीशिक्क्यासकट.

मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचंही कलम लागू झालंय, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना, कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो सुरक्षेशी संबंधित दोष हवा आणि तक्रारीही ढिगाने हव्यात. भांगात पडलेला थेंब त्यात बसतो का? चालत्या गाडीत पडला असता तर माझा तोल जाऊन गाडी दुभाजकावर चढली असती.

आणि सगळ्यात वैताग म्हणजे मी राहते कुठे, तर एआरएआयच्या टेकडीखाली. १९६६ साली स्थापन झालेली संस्था, देशभरच्या गाड्यांच्या चाचण्या करणारी. सकाळी मी त्याच टेकडीवर फिरायला जाते. तिकडे चाकणला एकामागोमाग एक कारखाने. अख्ख्या शहरात दर तिसरं घर ऑटोमोबाईलवाल्याचं, आमच्याच विंगमध्ये दोन जण डिझाइनला आहेत. आणि माझी खुळखुळ ऐकू आली ती फक्त एसटीतल्या काकांना. विंगमधल्या एकाला मी लिफ्टमध्ये विचारलं होतं, तो म्हणाला, "मी सीट्स करतो, ताई." मग त्या रिकाम्या सीटचं तरी सांग की रे! तोवर त्याचा मजला आला.

निघताना टायवाल्या मुलाने काकांना बाजूला घेतलं. मी ऐकलं. "सर, कंपनीतून कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा सांगा. नऊ म्हणजे आमच्यासाठी फेल असतं." मला नाही सांगितलं. मी अडीच देणार हे त्याला दिसत असणार. काकांनी माझा नंबर लिहून घेतला, खिशातल्या दोनपैकी एका पेनाने, म्हणाले, "अर्थिंग सापडलं की कळवा, जिवाला लागून ऱ्हाईल."

काल दुपारी फोन.

"ताई, कंपनीतनं फोन आलता. लई गोड बोलत हुती पोरगी. गाडीबद्दल समाधानी हाय का म्हनली."

"तुमच्या सुनेच्या गाडीबद्दल?"

"न्हाई न्हाई, तुमच्या. तुमच्या गाडीला माझाच नंबर लावलाय त्येनं. तर मी धा दिले."

"काका! दहा? का?"

"अवो, पोराचा पगार कापत्यात म्हनं नऊ दिले तर. त्येची काय चूक हाय त्यात. आन कॉफी बी बरी हुती." थोडं थांबून, "तुमी केवढे देनार हुता?"

मी काय बोलणार. त्या पोराचा पगार कापला जाऊ नये हे मलाही वाटतं, पण मग माझ्या गाडीचे पैसे कापले गेले त्याचं काय, त्याला कुठे दहापैकी विचारणारी गोड पोरगी आहे? आता कंपनीच्या कागदावर मी पूर्ण समाधानी ग्राहक आहे, शिकवलेली सुद्धा.

आज सेंटरला फोन करून नंबर बदला म्हणलं. तर नंबर बदलायला ओटीपी लागतो, आणि तो जातो जुन्या नंबरवर. काकांना फोन लावला. काकूंनी उचलला. दोघं खटावला गेलेत, काका शेतात आहेत, फोन घरी चार्जिंगला. म्हणलं काकू, एक मेसेज आला असेल बघा, सहा आकडे असतील, तेवढे वाचून दाखवा. काकूंनी चष्मा शोधला. मग एकेक मेसेज पहिल्यापासून वाचायला घेतला. बँकेचा झाला, लाइटबिलाचा झाला, माझ्या गाडीची सर्व्हिस यशस्वी झाल्याचा झाला, आणि मग एकदम आवाज चढवून त्यांनी आतल्या कोणाला तरी हाक मारली, "आरं, गावच्या सोसायटीत युरिया आलाय! पळ, बाबांना सांग!" आणि फोन तसाच चालू ठेवून सगळे बाहेर पळाले.

ओटीपीची मुदत तीन मिनिटं होती.